डॉक्टर, आधी डोकं पाण्यात घाला

पत्र: मी नेरुळला राहते. नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची विभागप्रमुख आहे, आणि गेल्या वर्षापासून उपअधिष्ठातापदही गळ्यात पडलं आहे. वय ५४, नोव्हेंबरमध्ये ५५ पूर्ण होतील. पोहायला शिकले ती सांगलीला, कृष्णेत, पाठीला भोपळा बांधून. मध्ये तीस वर्षं पाण्याशी संबंध नव्हता. वर्षभरापूर्वी वाशीला सकाळच्या बॅचमध्ये पुन्हा सुरुवात केली. ब्रेस्टस्ट्रोक अर्धा तासही जमतो, पण मान दुखते. फ्रीस्टाइलचे ५० मीटर १ मिनिट १० सेकंदांत होतात आणि मग भिंत धरून दोन मिनिटं धापा टाकते. आठवड्यातून किती दिवस जाणं होईल ते मीटिंगांवर अवलंबून. पाच महिन्यांनी राज्य पातळीची मास्टर्स, म्हणजे प्रौढांची, पोहण्याची स्पर्धा आहे. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक आणि १०० मीटर फ्रीस्टाइल करावं असं मनात आहे. रक्तदाबासाठी तीन वर्षं मेटोप्रोलॉल चालू आहे. आमचे निवासी डॉक्टरही त्याच बॅचला येतात, त्यांच्यासमोर संकोच वाटतो. या वयात हे जमेल का? आणि मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेचं काय, तीही करावी का?
एक डॉक्टर, नेरुळ

उत्तर:

डॉक्टर, जमेल. वयाचा प्रश्न तर मास्टर्सने कधीच निकालात काढला आहे. तुमची अडचण वेगळीच दिसते. तुम्ही वर्षभर पोहता आहात, पण शिकत नाही आहात. उरलेल्या वेळात जाऊन, येतं तेच पुन्हा पुन्हा करून परत येता. तुम्हाला आठवड्याचे तीन ठरलेले दिवस आणि चुका दाखवणारं एक माणूस लागेल. जास्त वेळ मुळीच लागणार नाही.

आधी तब्येतीचं, कारण डॉक्टर मंडळी नेमकी तिथेच हयगय करतात. स्पर्धेसाठी आणि बहुतेक तलावांच्या प्रवेशासाठी वैद्यकीय दाखला लागतो. तो स्वतः लिहू नका, ज्युनिअरकडून सही करून घेऊ नका. हृदयरोगतज्ज्ञ सहकाऱ्याकडे रीतसर पेशंट म्हणून जा, ईसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. मेटोप्रोलॉल चालू असताना मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे आकडे सरावासाठी निरुपयोगी आहेत. गोळी नाडी वाढू देत नाही, आणि पाण्यात आडवं असताना ती एरवीही जमिनीपेक्षा मिनिटाला दहाएक ठोक्यांनी कमीच राहते. मेहनत किती झाली ते बोलण्यावरून ओळखा. भिंतीला आल्यावर पूर्ण वाक्य बोलता आलं तर हलकं, तीन-चार शब्दच निघाले तर मध्यम, बोलावंसंच वाटलं नाही तर कडक. आणखी एक. रक्तदाब असलेल्या मध्यमवयीन पोहणाऱ्यांत पाण्यात असतानाच फुप्फुसात पाणी झिरपण्याचा प्रकार होऊ शकतो. तुम्हाला हे शिकवायला नको. पण वॉर्डात जे लक्षण तुम्ही क्षणात ओळखाल, ते स्वतःला झालं की ‘दम लागला असेल’ म्हणून सोडून द्याल, म्हणून लिहितो. मेहनतीच्या मानाने जास्त धाप, खोकला, घशात बुडबुड, गुलाबी फेस, यातलं काहीही दिसलं की तिथल्या तिथे बाहेर यायचं आणि तपासून घ्यायचं.

आता मान आणि धाप. दोन्हींचं मूळ एकच, आणि ते कृष्णेत आहे. नदीत शिकलेला माणूस डोकं वर ठेवून पोहतो. समोरून काय वाहत येतंय, घाट किती लांब आहे, ते बघावं लागतं. ती सवय नदीसाठी अगदी बरोबर आहे, तलावात मात्र तिचा भुर्दंड पडतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरकं होतं आणि पाण्याचा अडसर वाढतो. तुमची अर्धी ताकद पुढे जाण्यात नाही, पाय वर ठेवण्यात खर्च होते. मान सतत मागे वळलेली, म्हणून दुखते.

धापेचं दुसरं कारण श्वास सोडण्यात आहे. तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास धरून ठेवत असणार आणि बाजूला वळल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकत असणार. घेता येतो तो अर्धाच. ५० मीटरला जी घुसमट होते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते. साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. त्यावरचा व्यायाम बालवर्गातला वाटेल, तरी पहिले सहा आठवडे तलावावर जाल त्या प्रत्येक दिवशी करा. भिंत धरून उभं राहा, चेहरा पाण्यात, नाकातून संथ बुडबुडे सोडत चार आकडे मोजा, मान न उचलता बाजूला वळवून तोंडाने घ्या, पुन्हा चेहरा आत. असं दहा वेळा. बुडबुडे थांबता कामा नयेत. मग भिंत सोडून २५ मीटर, फक्त तेवढ्याकडेच लक्ष देऊन. श्वास घेताना एक गॉगल पाण्याबाहेर आणि एक पाण्यातच राहिला पाहिजे. दोन्ही बाहेर आले म्हणजे डोकं उचललं गेलं. छत दिसायला लागलं तर अंग गरजेपेक्षा जास्त वळलं. नजर शेजारच्या लेनच्या दोरीवर असली की बरोबर.

आणि हो, दम वाढवायचा म्हणून भराभर श्वास घेऊन पाण्याखालून आख्खी लांबी मारायचा उद्योग कुणी सांगितला तरी करू नका. घुसमट जाणवायच्या आत शुद्ध हरपते, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, छान पोहतायत.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कानाचा वरचा भाग हातांच्या मध्ये येईपर्यंत डोकं आत घाला. क्रम असा: ओढ, श्वास, किक, आणि मग हात पुढे ताणून चेहरा खाली ठेवून क्षणभर घसरत जाणं. नदीतलं बेडकासारखं पोहणं आणि स्पर्धेतला ब्रेस्टस्ट्रोक यांत खरा फरक त्या घसरण्याचाच आहे. तुम्ही ती वेळ पुढची ओढ घेण्यात घालवत असणार. २५ मीटरला किती हात लागतात ते मोजा. आज समजा २२ लागत असतील, तर सहा आठवड्यांनी त्याच वेगाने १८ लागायला हवेत. किकमध्ये गुडघे फार फाकवू नका. या वयात गुडघ्याचं आतलं अस्थिबंधन लवकर तक्रार करतं. टाचा कुल्ल्यांकडे, पावलं बाहेर वळवून, मग मागे ढकल.

ठरलेले दिवस. महापालिकेच्या आणि क्लबांच्या बहुतेक तलावांत एक बॅच साधारण ४५ मिनिटांची. त्यातली पाच अंघोळ-टोपीत जातात, शेवटची दोन शिट्टीत. हातात राहतात ३५ ते ३८ मिनिटं. तेवढ्यात ९०० ते १,१०० मीटर नीट होतात, आणि तुमच्या १०० मीटरसाठी ते पुरेसं आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार धरा, सहाची बॅच. त्या वेळी नेरुळहून पाम बीच रस्त्याने वाशी पंधरा मिनिटांवर आहे. साडेसातला निघालात तर तेच गणित सिग्नलवर बिघडतं. कार्यालयाच्या कॅलेंडरमध्ये हे तीन तास ‘व्यस्त’ म्हणून टाका, अधिष्ठात्यांच्या बैठकीसारखेच. फोन कोचच्या टेबलावर ठेवा. सहा ते सातचे कॉल युनिटमधले कोणते सहकारी घेतील, ते आठवड्याच्या सुरुवातीला लिहून द्या. इन्स्पेक्शन किंवा विद्यापीठाच्या परीक्षा आल्या की तिनाचे दोन दिवस करा, शून्य नाही. रात्री तीनदा उठावं लागलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा, पण फक्त हलकं पोहा. झोप नसताना कडक सराव केला की खांदा धरतो.

पहिले सहा आठवडे मंगळवार असा: २०० मीटर सैल, दर ५० मीटरला थांबत. मग २५ मीटर आठ वेळा, फक्त श्वासावर लक्ष, मध्ये २० सेकंद विश्रांती. मग आखूड फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून २५ मीटर सहा वेळा, एक हात पुढे ताणून कुशीवर राहून किक, सहा किकनंतर कूस बदलायची. शेवटी ब्रेस्टस्ट्रोकचे २५ मीटर आठ वेळा, हात मोजत. १०० मीटर सैल. बेरीज ८५०. गुरुवारी तेच, फिन्सच्या जागी ५० मीटर सहा वेळा, ३० सेकंद विश्रांतीने, आणि वेग इतका कमी की सहावा पहिल्याइतक्याच वेळात व्हावा. इथेच बहुतेकांचं फसतं. पहिला ५० मीटर छातीठोक मारतात, चौथ्याला हात वल्ह्यासारखे पडायला लागतात, आणि मग उरलेला वेळ चुकीच्या हातांचाच सराव होतो.

सहा आठवड्यांनी चाचणी घ्या. एका दिवशी ४०० मीटर न थांबता, दहा मिनिटं सैल पोहून मग २०० मीटर, दोन्ही जमेल तितक्या वेगाने पण एकसारखे. समजा ४०० ला ११ मिनिटं २० सेकंद लागले आणि २०० ला ५ मिनिटं २०. फरक ६ मिनिटांचा, तो २०० मीटरचा, म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं. हा तुमचा टिकाऊ वेग. आता गुरुवारचे ५० मीटर याच वेगाने, म्हणजे दीड-दीड मिनिटात, दहा वेळा, मध्ये २० सेकंद. सोपं वाटेल, सातव्यानंतर सांगा. दर पाच-सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा.

शनिवार स्पर्धेचा. २५ मीटर सहा वेळा पूर्ण वेगात, प्रत्येकानंतर पूर्ण मिनिटभर विश्रांती. उरलेला वेळ स्टार्ट आणि टर्न. दर तिसऱ्या शनिवारी १०० मीटर घड्याळ लावून, आणि कोचला दर २५ मीटरची वेळ लिहायला सांगा. तुमचं लक्ष्य २ मिनिटं ३० सेकंद ठेवू या. ते ३४, ३८, ३९, ३९ असं यायला हवं. आजच्या सवयीने ते २८, ३७, ४३, ४७ असं येईल, बेरीज १५५. म्हणजे पहिल्या लांबीत कमावलेल्या सहा सेकंदांच्या बदल्यात शेवटच्या दोन लांब्यांत बारा गेले. पहिली लांबी ‘आपण फार हळू जातोय’ असं वाटायला लावणारी हवी.

तलावाबाहेर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. रबर बँड दाराच्या कडीला अडकवून कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर वळवणं, १५ चे दोन सेट. बँड छातीकडे ओढणं, तसंच. हा खांद्याचा विमा. त्याखेरीज वजन घेऊन स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हवेतच. पोहण्याने हाडांवर भार येत नाही, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांना भार लागतो हे तुम्ही पेशंटना रोज सांगता. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर राउंडला तासन् तास उभं राहणं आणि किक मारताना पाऊल ताठ रोखणं, ही दोन्ही कारणं असतात. पाऊल सैल सोडा. पोहण्याआधी पोहे नकोत. साडेपाचला अर्धं केळं आणि चहा पुरे, नाश्ता नंतर. एप्रिल-मे मध्ये उघड्या तलावाचं पाणी कोमट होतं आणि पाण्यात घाम कळत नाही, तेव्हा अर्धा लिटर पाणी काठावर ठेवा.

आता नियम. स्पर्धेत बाद होणारे मास्टर्स बहुधा वेगामुळे होत नाहीत, अशा गोष्टींमुळे होतात. ब्रेस्टस्ट्रोकला वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे भिंतीला लागले पाहिजेत. एका हाताने पकडून वळायची तुमची सवय असणारच. प्रत्येक सरावात, दमलेलं असतानाही, दोन हात. स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली एकच लांब ओढ मांड्यांपर्यंत घेता येते, आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकआधी एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय एकत्र, माशाच्या शेपटीसारखे) चालते. फ्रीस्टाइलला शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की पुरतो, कोलांटी टर्न सक्तीची नाही. पाच महिन्यांत ती शिकण्यात वेळ घालवू नका. दमलात तर फ्रीस्टाइलमध्ये तळावर उभं राहिलं तरी चालतं, चालत पुढे जायचं नाही आणि दोरी ओढायची नाही, एवढंच.

मास्टर्समध्ये ब्लॉकवरून (सूर मारायच्या चौथऱ्यावरून), काठावरून किंवा पाण्यातून भिंत ढकलून, कसाही स्टार्ट घेता येतो. नदीत मुटका मारणं वेगळं. ब्लॉकवरून सूर मारायला शिकायचा तर कोचसमोर, खोल बाजूलाच. ब्लॉक असलेल्या टोकाला किमान १.३५ मीटर खोली असावी असा जागतिक नियम आहे आणि सगळे तलाव त्यात बसत नाहीत. हनुवटी छातीला टेकलेली नसली तर गॉगल सुटून गळ्यात येतो. गॉगलचा पट्टा टोपीखाली घाला, वर नको. जमलं नाही तर पाण्यातून सुरुवात करा, दोन-एक सेकंद जातील, बाकी काही नाही. पोशाखही आधी तपासा. बायकांचा स्पर्धेचा पोशाख खांद्यांपलीकडे आणि गुडघ्याखाली नसावा असा नियम आहे. बॅचला घालता तो पूर्ण बाह्यांचा असेल तर परिपत्रकात काय म्हटलंय ते विचारून घ्या.

वयोगट २५ पासून पाच-पाच वर्षांचे. पोहण्याची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमात वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला धरतात. म्हणजे स्पर्धा याच वर्षात असेल तर वाढदिवस व्हायच्या आधीही तुम्ही ५५ ते ५९ च्या गटात, आणि त्या गटात सर्वांत लहानांपैकी. मास्टर्समध्ये वाढदिवसाचा असा फायदा होतो. राज्याच्या परिपत्रकात कोणती तारीख धरली आहे ते मात्र पाहा, आणि स्पर्धा कोण भरवतंय तेही. ‘मास्टर्स’ नावाच्या स्पर्धा एकाहून अधिक संस्था घेतात. स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय मास्टर्सकडे जायचं असेल तर वाट राज्य संघटनेतून जाते. स्पर्धेचा तलाव ५० मीटरचा असला तर १०० मीटरला तीनऐवजी एकच टर्न मिळतो, दोन ढकल कमी. अर्ध्यावर भिंत येत नाही याचीच धास्ती जास्त, म्हणून आधी दोनदा तरी लांब तलावात १०० मीटर पोहून या. शेवटचे दहा दिवस अंतर जवळजवळ निम्मं करा, पण शनिवारचे वेगवान २५ सोडू नका.

राहिला संकोच. प्रौढांसाठीची ही चळवळ अमेरिकेत उभी केली ती एका डॉक्टरनेच. रॅन्सम आर्थर हे नौदलातले मनोविकारतज्ज्ञ, पुढे ओरेगॉनच्या वैद्यकीय शाळेचे अधिष्ठाते. नुसत्या ‘व्यायाम करा’ने माणसं हलत नाहीत, समोर स्पर्धा असली की हलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७० च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या अमरिलोला पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. तुमच्यासारख्या पदावरचं माणूस तलावात काही नवं करत नाहीये.

खरी अडचण निवासी डॉक्टरांची नजर नाही, कोचचा मान राखणं ही आहे. तो असेल २५-२६ चा, आणि तुम्हाला ‘मॅडम, छान’ म्हणून मोकळा होत असेल. त्याला सरळ सांगा, ‘सर, दर फेरीला माझी एक चूक सांगा, एकच.’ हो, पाण्यात तुम्ही त्याला सर म्हणा. महिन्यातून एकदा काठावरून, बाजूने, २५ मीटरचा व्हिडिओ काढून घ्या. डोकं उचललेलं तुम्हाला जाणवत नाही, पण दिसतं. निवासी डॉक्टरांपैकी कुणी २५ च्या पुढचा असेल तर त्याला रिलेत घ्या. रिलेचा गट चौघांच्या वयांच्या बेरजेवरून ठरतो. तुम्ही ५५, दोघे सहकारी ५२ आणि ४७, आणि एक २८ चा निवासी, बेरीज १८२, गट १६० ते १९९. त्याच्याऐवजी ४८ चं कुणी मिळालं तर २०२, आणि तुम्ही वरच्या, थोड्या सोप्या गटात. एवढ्या हिशेबावर कॅन्टीनमध्ये आठवडाभर वाद घालता येतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेबद्दल ओझरतं विचारलं आहे. यंदा नको. आधी तलावात सलग १,००० मीटर न थांबता होऊ द्या. समुद्रात मात्र दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून पुढचा बॉय (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) कुठे आहे ते बघावं लागतं, आणि तलावात वाढलेल्या लोकांना नेमकं तेच शिकवावं लागतं. तुम्हाला ते कृष्णेने शिकवलेलंच आहे, फक्त मधले आठ हात डोकं आत ठेवायचं.